खापऱ्या बघायला गेलो, रांजण भरून आलो

लोक निवृत्त झाले की काशीला जातात, अष्टविनायक करतात, फार तर सोसायटीच्या कमिटीवर निवडून येऊन शेजाऱ्यांचा जीव खातात. आमच्या साहेबांनी पुरातत्त्वाचा सर्टिफिकेट कोर्स केला. उभं आयुष्य रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढलं, नव्या कोऱ्या मालातली खोट शोधणं हाच धंदा. आता फुटक्या मालाचं कौतुक चालतं. आमच्या हडपसरच्या फ्लॅटची गॅलरी खापऱ्यांनी भरली आहे. माझ्या रुखवतातल्या सेटची एक बशी जरासा टवका उडाला म्हणून याच माणसानं कचऱ्यात टाकली होती. आता हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा बाईनं फोडलेलं मडकं कापसात गुंडाळून ठेवतात. ती बाई माझ्यापेक्षा नशीबवान.

तर फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी चहा पिता पिता घोषणा झाली. "भीमेकाठी उत्खनन चाललंय, वडगाव रासाईच्या थोडं पुढं. आमच्या कोर्सच्या ग्रुपला बघायची परवानगी मिळालीय."

"काय आहे बघायला?"

"ट्रेंचेस. म्हणजे खड्डे."

"त्यासाठी शिरूर तालुक्यात कशाला जायचं? आपल्या सिग्नलपाशी हवे तितके आहेत. परवानगीसुद्धा लागत नाही."

साहेब हसले नाहीत. या विषयावर ते हसत नाहीत. फक्त म्हणाले, "येताना दौंडवरून येऊ. घरी डोकावून होईल." आणि मी लगेच हो म्हटलं. खड्ड्यांसाठी नव्हे, दौंडसाठी.

इथंच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे ही बाई मध्येच का भडकली असं तुम्हाला वाटायला नको. दौंडच्या अलीकडे, भीमेच्याच काठाला माझं सासर. (गावाचं नाव लिहीत नाही, दीर ब्लॉग वाचतो.) माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. मुलगी झाली. बारशाच्या आधीच गेली. आपल्यात तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात, आणि कुठं पुरलं ते आईला सांगायचं नाही, म्हणजे ती लवकर विसरते, अशी पद्धत. ही पद्धत काढणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

विसरले नाही, हे सांगायला नकोच. पुढे मुलगा झाला, तो आता बंगळुरूला असतो आणि रविवारी फोन करतो, सगळं छान आहे. पण ती कुठं आहे एवढं एकदा कळावं, असं मला फार वाटायचं. साहेबांना माहीत आहे, ही माझी पक्की खात्री होती. कारण गावी गेलो की दरवेळी संध्याकाळी हा माणूस एकटा नदीवर जायचा, खाली बघत काठानं फिरायचा आणि परत येऊन गप्प चहा प्यायचा. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करून आलो." मग मी विचारणं सोडलं. म्हणजे तोंडानं सोडलं.

असो. प्रवासाकडे वळू, नाहीतर म्हणाल बाईंनी रस्त्याचं काहीच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी लवकर निघालात तर सोलापूर हायवे बरा वाटतो. उशीर केलात तर लोणी काळभोरपर्यंत तुमचं पुरातत्त्व होईल. यवत गेलं की चौफुला येतो. तिथं डावीकडे वळायचं. वळायच्या आधी मिसळ खाऊन घ्या, कारण पुढे उसाशिवाय काही दिसत नाही. आम्ही खाल्ली ती मिसळ तिखट होती, तर्री वेगळी मागावी लागली नाही, आणि दोघांचं मिळून पुण्यातल्या एका कॉफीइतकं बिल झालं. साहेबांनी मिसळीचा वाडगा उलटा करून बूड बघितलं. सवय. वेटर म्हणाला, "काका, स्टीलचा हाय."

केडगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुऱ्हाळं लागतात. गरम काकवीचा वास गाडीत शिरतो आणि डाएट वगैरे विसरायला होतं. एका ठिकाणी थांबून काकवीची बाटली घेतली. गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, "कुनीकडं निघाला?" साहेबांनी अभिमानानं सांगितलं, "उत्खनन बघायला." तो म्हणाला, "आसं व्हय. सोनं घावलं का?" हा प्रश्न त्या दिवशी आम्हाला पाच-सहा जणांनी विचारला. नाही म्हटलं की लोक आमच्याकडे ज्या नजरेनं बघायचे, तीच नजर मी इतके दिवस घरी वापरते आहे.

याच रस्त्यावर एका झाडाखाली माठ विकायला मांडले होते. आणि एक मोठा रांजण. तो बघून मला माझे सासरे आठवले. आबा. त्यांच्याविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आबांच्या पडवीत एक रांजण होता. पडवीत म्हणजे कोपऱ्यात नव्हे, बरोबर येण्याजाण्याच्या वाटेत. घरातल्या प्रत्येकाच्या पायाचं बोट त्या रांजणानं ठेचलेलं आहे. नळ आला तरी रांजण हलला नाही. फ्रीज आला तरी नाही. दिरानं एकदा जरा बाजूला सरकवू म्हटलं, तर आबा दोन दिवस जेवले नाहीत. आणि वर नियम काय, तर रोज सकाळची पहिली घागर थोरल्या सुनेनंच ओतायची. धाकटीनं ओतलेली चालत नसे; थोरली नसली तर आबा स्वतः ओतत. थोरली म्हणजे मी. पुढे पुण्याला बिऱ्हाड केलं, तरी दिवाळीला गेलं की पहाटे उठून आधी रांजण, मग तोंड धुणं. मी पाठीमागे किती बोलले असेन! "तुमच्या वडलांनी सून आणली की पाणक्या?" साहेब गप्प. आबांपुढे सगळेच गप्प. ते बोलायचे कमी आणि बोलले की विषय संपायचा.

पारगावला भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका. उजवीकडे वळून विचारत विचारत जायचं. गुगलवर फार विश्वास ठेवू नका, त्यानं आम्हाला एका उसाच्या फडात नेलं आणि 'तुम्ही पोचला आहात' म्हणून मोकळा झाला. फडाच्या तोंडाशी बिबट्यापासून सावध राहायचा बोर्ड होता. शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. रस्ता एकाचा, वाहनं दोन, आणि कडेला कदाचित बिबट्या. साहेब म्हणाले, "ही काळी माती बघ काय सुंदर आहे." मी आमच्या विम्याचा विचार करत होते.

उत्खनन नदीच्या काठाला एका उंचवट्यावर होतं. गावात त्याला पांढर म्हणतात. जुन्या वस्तीची माती राखेमुळे पांढुरकी होते, म्हणून पांढर. ज्यांच्या शेतात ती आहे ते आप्पा शेवंती करतात, उरलेल्यात ऊस. हिरवी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. साहेबांनी विचारलं, "ही पांढर पूर्वी मोठी असेल ना?"

"लई मोठी. धा पुरुस उंच म्हनायचे." आप्पांनी तंबाखू मळली. "आमच्या बापानं निम्मी माळवदावर टाकली. पावसाचं टिपूस गळत न्हाई त्या मातीतनं. उरल्यातली शेवंतीला घातली. खताचं कामच न्हाई."

म्हणजे हजारो वर्षांचा इतिहास तालुक्याच्या छपरांवर आणि पुण्याच्या गजऱ्यांत गेला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आप्पांचा मात्र शांत. छप्पर गळत नव्हतं ना, मग झालं.

आता खड्ड्यांविषयी. दोरी लावून आखलेले चौकोन, सरळसोट कापलेल्या भिंती, आत उकिडवं बसून ब्रशनं माती झाडणारी मुलं-मुली. माझ्या घरी इतक्या निगुतीनं कुणी फर्निचर पुसलं नाही. गावातल्या बाया घमेल्यांनी माती वर आणून चाळणीत टाकत होत्या. आम्हाला दाखवायला अनघा नावाची मुलगी होती, इथंच पीएचडी करते, उन्हानं रापलेली आणि भलतीच गोड. तिनं गोल घराची जमीन दाखवली, खांबांची भोकं दाखवली, चूल दाखवली. मला सगळीकडे मातीच दिसत होती. ग्रुपमधले लोक मात्र "अहाहा" करत होते. ग्रुपचे ॲडमिन एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते अनघा सांगायच्या आधी अर्धं वाक्य सांगत आणि ते चुकीचं निघे.

"मॅडम, हे सगळं झाल्यावर काय करणार?" मी विचारलं. म्हटलं, म्युझियम वगैरे असेल.

"बुजवणार काकू. पावसाच्या आत."

"एवढं खणून?"

इथं साहेबांनी कोर्स बाहेर काढला. "उघडं ठेवलं तर नासतं. झाकलेलंच टिकतं. सगळं कधीच खणायचं नसतं, पुढच्यांसाठी राखून ठेवायचं." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्यासमोर सलग तीन वाक्यं बोलला आणि तीही खड्ड्याविषयी.

मग अनघा आम्हाला शेवटच्या चौकोनापाशी घेऊन गेली. "हे कालच वर आलंय," ती म्हणाली. खाली चुलीपासून हातभर अंतरावर दोन मडकी आडवी होती, तोंडाला तोंड लावून. "बाळाचं दफन आहे. आत बाळ ठेवायचं आणि दोन्ही मडकी अशी जोडायची. मग घराच्या जमिनीखाली पुरायचं. आपल्याकडं इनामगावलाही अशीच मिळाली होती."

ॲडमिन म्हणाले, "वा! फारच सुंदर!" चार जणांनी फोटो काढले. एकीनं सेल्फी काढली. मडक्यांपाशी एक लहानशी पाटी होती, तिच्यावर नंबर. मी मनात म्हटलं, हिला नंबर तरी मिळाला.

"घरातच का पुरायचे?" माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "गावाबाहेर का नाही?"

"नक्की नाही सांगता येत काकू. लिहून ठेवलेलं काही नाही त्यांनी. घरातलं लेकरू घरातच ठेवलं, एवढंच आपल्याला दिसतं."

घमेलं घेऊन उभी असलेली मंगल नावाची बाई म्हणाली, "आमच्यात बी बारकं जाळत न्हाईत. पर नदीला न्येत्यात. घरात कोन ठिवतंय, बाई!"

आणि माझा तोल गेला. सगळ्या ग्रुपसमोर, त्या चौकोनाच्या काठावर उभं राहून मी नवऱ्याला विचारलं, "अहो, आपली कुठंय?"

कुणाला काही कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. "यांची कुठं ठेवलीय ते हजारो वर्षांनी लोकांना कळलं. माझी कुठं ठेवलीय ते मला कधी कळणार? मी पण ग्रुप जॉईन करू का?"

ॲडमिननी बिस्किटांचा पुडा पुढे केला. देव त्यांचं भलं करो, दुसरं काय करणार बिचारा! साहेब म्हणाले, "ऊन लागलंय तुला. चल गाडीत."

गाडीत बसलो. इंजिन सुरू केलं नाही.  मग ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."

पुण्यात इतकी वर्षं काढून हा माणूस 'माहीत नाही' म्हणतो. गावाकडची बोली फक्त आतून हलला की बाहेर येते.

"मी पुण्यात होतो. निरोप पोचून गाडीनं दौंडला येईस्तोवर सगळं उरकलं होतं. आबा आंघोळ करून पडवीत बसले होते. मी इचारलं, कुठं? म्हणाले, झालं. मी म्हणलं, पण कुठं? म्हणाले, झालं म्हणलं ना. पुन्हा इचारायची छाती झाली न्हाई."

"मग दरवेळी नदीवर जात होता ते?"

"तिलाच बघायला. कुठंतरी असंलच की काठाला. एखादा दगड, काही खूण आबांनी ठेवली असंल, म्हणून बघत फिरायचो."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? पोरगी कुठंय ते बापाला म्हाईत न्हाई, आसं?"

मला इतका राग आला, की गाडीतून उतरून चालत पुण्याला जावं. आणि त्याच वेळी त्यांची दयाही तितकीच आली. खापऱ्यांचं वेड निवृत्तीनंतरचं; पण खाली बघत काठानं चालायचं वेड किती जुनं, ते मला त्या दिवशी कळलं. राग आणि दया दोन्ही एकदम आलं की बाई काय करते? डबा उघडते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. रडत रडत दोघांनी खाल्ली. मी काच खाली घेतली तसं आप्पांनी डोकावून विचारलं, "चटनी लई तिखट हाय का?" आम्ही व्हय म्हटलं.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी आबांबरोबर कोण होतं?"

"हसनभाई असतील. तेच असायचे सगळीकडं."

"आहेत अजून?"

"हायेत की."

आल्या वाटेनं चौफुल्याला परत आलो, तिथून हायवेनं पाटस आणि पाटसहून आत दौंडचा रस्ता. हा रस्ता बरा आहे एवढंच आठवतं. प्रवासवर्णनाच्या दृष्टीनं हा भाग कोरा आहे, माफ करा. वाटेत काय दिसलं ते मी पाहिलं नाही.

हसनभाई गावातले जुने गवंडी. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या आणि त्या अजून उभ्या आहेत, हे पुण्यातल्या आमच्या बिल्डरनं वाचावं. आता वय झालंय, अंगणात बाजेवर बसलेले असतात. आम्हाला बघून म्हणाले, "दिल्या, आलास व्हय? ये पोरी, बस." सुनेनं चहा आणला. साहेब चहाच्या कपाकडे बघत बसले. म्हणून मीच विचारलं. "चाचा, आमची मुलगी कुठं पुरली होती?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "कुनी इचारायला यायची वाट बघत व्हतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते, माझ्या शब्दांत मला जमणार नाही.

"नदीलाच गेलो व्हतो आमी दोगं. सरावन व्हता. पानी काठाला लागलेलं. म्या जागा बघितली, खड्डा बी निम्मा घेतला. तवर समोरची दरड धपकन पान्यात ग्येली. तुजा सासरा उभाच राह्यला. पोर शालीत, छातीपाशी. म्हनला, हसन, आज न उद्या ही जागा बी जानार. हिला वाहू द्यायची न्हाई. आन् फिरला मागारी. बाया समद्या आत, तुज्यापाशी. पडवीतली एक फरशी म्या काढली. खाली जागा केली. फरशी म्याच बसवली."

साहेब कसेबसे म्हणाले, "पडवीत?"

"तुजी माय भाईर आली, म्हनली, आजच्या दिसाला फरशी कशापायी काढलीया? तुजा बाप म्हनला, रांजण ठिवायचाय, त्येचं बूड नीट बसंना. लई बोलली त्येला. त्यो गप. रांजण जड असतुय, कुनी सरकवत न्हाई, म्हून रांजण."

 हसनभाई माझ्याकडे वळले. "मला म्हनला, हसन, पोरीला पानी कोन घालनार? आईनंच घालाय पायजे. पर सांगितलं तर ती पडवीतनं उठायची न्हाई, आन् माजी बायकू घर बाटलं म्हनून घरात राह्यची न्हाई. मंग म्या आसं करतो, रोज सकाळची पहिली घागर थोरलीनंच वतायची, आसा नेम घालतो."

"आबांनी मला तरी सांगायचं," साहेब म्हणाले. 

"तुला सांगितलं आसतं तर तू हिला सांगितलं आसतंस. माजी बी जीभ बांधली त्येनं. तुजी माय हाय तवर बोलायचं न्हाई, म्हनला. ती ग्येली मागल्या साली. तवापासनं म्या बसलोय हितंच."

दिराचं घर तिथून चालत पाच मिनिटं. आता ते घर म्हणजे स्लॅबचा बंगला आहे, गुलाबी रंग, गेटवर दोन सिंह, सिंहांना मिशा. पडवीचा पोर्च झालाय आणि पोर्चला आरशासारखी फरशी. त्या गुळगुळीत फरशीच्या मधोमध एक चौकोन मात्र जुन्या शहाबादीचा, आणि त्याच्यावर रांजण. बरोबर येण्याजाण्याच्या वाटेत. तो चौकोन मी यापूर्वी शंभरदा पाहिला आहे आणि दरवेळी दिराच्या अकलेवर हसले आहे.

"आबांनी मरताना एवढंच सांगितलं," दीर म्हणाला, "घर पाड, बांध, काय बी कर, रांजणाची फरशी उचलू नको. फरशीवाला म्हनला, डिझाइन बिघडतंय. म्हनलं, बिघडू दे, म्हाताऱ्याचं येड हाय."

आत बघितलं तर रांजणात कांदे. जाऊबाई ओशाळली. "कोरडी जागा हाय म्हून ठिवले वो, आक्का. नळाला पानी आल्याव कोन भरतंय?"

साहेबांनी भावाला सगळं सांगितलं. दीर खांबाला टेकून खालीच बसला. डोळे पुसून म्हणाला, "दादा, ब्राह्मणाला इचारू. फरशी काढून नीट इधी करू पायजे तर."

"काढायचं न्हाई," साहेब म्हणाले. "हात लावायचा न्हाई. झाकलेलंच टिकतंय." सर्टिफिकेट कोर्सची फी त्या क्षणी वसूल झाली. मी हे मान्य करते, आणि लेखी मान्य करते.

जाऊबाईनं भराभरा कांदे काढले, रांजण आतून घासला, धुतला. कळशी भरून माझ्या हातात दिली. मी पाणी ओतलं. किती वर्षं या रांजणाला मी शिव्या घातल्या! झोपेत, थंडीत, अंग दुखत असताना कुरकुरत ओतलं. पण ओतलं. तिथं असेन तेव्हा एकाही सकाळी चुकवलं नाही, आबांच्या धाकानं का होईना. दर खेपेला तिला माझ्या हातचं पाणी मिळत होतं आणि मला वाटत होतं मी पाणक्याचं काम करते. तिथं उभी राहून मी हमसून हमसून रडले. जाऊ पाठीवरून हात फिरवत होती. साहेब रांजणापाशी मांडी घालून बसले होते आणि फरशीवर तळहात ठेवला होता. त्या संध्याकाळी ते नदीवर गेले नाहीत.

बरेच दिवस कोरडा होता म्हणून रांजण पाझरायला लागला. बुडाशी ओल आली आणि हळूहळू शहाबादीचा चौकोन काळा होत गेला. आम्ही निघेपर्यंत तो पुरता ओला झाला होता.

आता तुमच्यासाठी उपयोगाचं. वडगाव रासाईचं उत्खनन बघायला जावं का? जा. परवानगी काढून लगेच जा, पुढे ऊन सोसणार नाही, आणि पावसाच्या आत ते बुजवणार आहेत. टोपी न्या, पाणी न्या, गाडी साधी न्या. तिथं आडोशाला उसाशिवाय काही नाही आणि उसात कोण असेल याची खात्री नाही, तेव्हा बायांनी केडगावलाच उरकून घ्यावं. डबा घरून न्या. सोनं निघालं का, असं विचारू नका. दोन मडकी जोडलेली दिसली तर 'सुंदर' म्हणू नका, आणि सेल्फी तर काढूच नका. मुळात बघण्यासारखं तिथं काय आहे म्हणाल, तर माती आहे.

घरी येऊन आता महिना होत आला. गॅलरी अजून खापऱ्यांनी भरलेलीच आहे, फक्त मी आता त्यांच्यावर कपडे वाळत घालत नाही. साहेब ग्रुपवर आहेत, ॲडमिन अजून चुकीचं सांगतात. मी सकाळी उठले की आधी जाऊबाईला फोन करते. "रांजण भरलास का?" पहिले दोन-चार दिवस ती कौतुकानं सांगायची. आता तिलाही कंटाळा येत असणार, कारण मी फोनवर अगदी आबांसारखी बोलते म्हणे. नियम बदललाय एवढंच, धाकटीनं ओतलेलंही चालतं.

आज सकाळी मात्र तिनं स्वतःच फोन केला. म्हणाली, "आक्का, काल सांजच्याला काठोकाठ भरला व्हता. आज उठून बघितलं तर चार बोटं पानी कमी."

मातीचा रांजण पाझरतो, हे मला कळतं. सर्टिफिकेट कोर्स केलेला माणूस समोरच बसून पोहे खात होता, त्यालाही कळतं. फोन स्पीकरवर होता. त्यानं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ऊन वाढलंय गं. उद्यापासून एक कळशी जास्त ओत."